रुमालाखालचा सौदा आणि आधी नसलेलं गुपित

लहानपणी मामांबरोबर बैलबाजारात जायचो, तेव्हा मला बैलांपेक्षा रुमालाचं जास्त कुतूहल असायचं. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची. एकानं खांद्यावरचा रुमाल दुसऱ्याच्या हातावर टाकायचा आणि त्याखाली बोटं बोटांशी बोलायची. इतकी बोटं धरली की इतके हजार, नुसती दाबली की वरचे पाचशे. भोवती वीस-पंचवीस माणसं कोंडाळं करून उभी असायची, पण भाव कळायचा दोघांनाच. सौदा मोडला तरी बैलाची किंमत बाजारात फुटायची नाही.

आता मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. क्वांटम नेटवर्क म्हणजे काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी रुमालापासूनच सुरुवात करतो. गुप्त बोलण्याची सगळी विद्या एका प्रश्नात मावते: एक माणूस नंदुरबारला आणि दुसरा भुसावळला असेल, तर दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा कसा?

निरोप झाकणं हा यातला सोपा भाग आहे. समजा रावेरच्या व्यापाऱ्याला दिल्लीतल्या भागीदाराला केळीचा क्विंटलचा भाव कळवायचा आहे, २१५०. दोघांकडे आधीपासून एक गुप्त आकडा, म्हणजे किल्ली, आहे, ७३८६. व्यापारी अंकाखाली अंक मांडून बेरीज करतो, हातचा सोडून देतो. दोन आणि सात नऊ, एक आणि तीन चार, पाच आणि आठ तेरा म्हणून तीन, शून्य आणि सहा सहा. तो पाठवतो ९४३६. भागीदार उलटी वजाबाकी करतो आणि २१५० परत मिळवतो. मध्ये कुणी ९४३६ वाचलं तर त्याच्या हाती काय लागतं? काहीच नाही. किल्ली कोणतीही असू शकते, म्हणून भावही कोणताही असू शकतो. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये हे गणितानं सिद्ध केलं. किल्ली निरोपाइतकी लांब असेल, तिच्यात कसलाही ठरावीक क्रम नसेल आणि ती एकदाच वापरून टाकून दिली, तर जगातला कितीही मोठा संगणक तो निरोप फोडू शकत नाही.

खरी अडचण किल्ली पोचवण्याची आहे. ७३८६ हा आकडा रावेरहून दिल्लीला न्यायचा कसा? फोनवर सांगितला तर तोच कुणी ऐकेल. माणसाबरोबर पाठवला तर त्या माणसावर भरवसा ठेवावा लागेल. म्हणून आज बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप हे सगळे वेगळी युक्ती वापरतात. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार सोपा असतो, पण नुसत्या गुणाकारावरून मूळ संख्या शोधणं भयंकर अवघड. अशा अवघड गणितांच्या आडोशानं किल्ली ठरवली जाते. हे कुलूप शाबूत आहे ते गणित अवघड आहे म्हणून, अशक्य आहे म्हणून नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक, म्हणजे अणू आणि प्रकाशकणांच्या नियमांवर चालणारा संगणक, हीच गणितं भराभर सोडवेल. तसा संगणक अजून कुणाकडे नाही. पण आजचे झाकलेले निरोप साठवून ठेवायला आणि तो संगणक आला की उघडायला कुणाची आडकाठी आहे? केळीचा भाव दहा वर्षांनी फुटला तर कुणाचं काही बिघडत नाही. आपल्या भुसावळ आणि वरणगावला मात्र संरक्षण साहित्याचे सरकारी कारखाने आहेत. अशा ठिकाणची गुपितं दहा-वीस वर्षांनीही गुपितंच राहायला हवीत.

किल्ली पोचवण्याच्या या अडचणीवर एक वेगळा उपाय आहे, तो एन्टँगलमेंटवर, म्हणजे दोन कण एकमेकांशी जोडले जाण्यावर, उभा आहे. मराठीत तिला गुंफण म्हणू.

सराफ बाजारातली जुनी माणसं फाडलेल्या नोटेची गोष्ट सांगतात. दहाची नोट मधोमध वेडीवाकडी फाडायची. अर्धी आपल्याकडे ठेवायची, अर्धी दुसऱ्या गावच्या पेढीवर धाडायची. माल न्यायला आलेल्या माणसाच्या हातातला तुकडा पेढीवरच्या तुकड्याशी काठाला काठ जुळला, की माणूस खरा. गुंफण समजावताना अनेक जण हाच दाखला देतात. नोटेचे दोन तुकडे दोन पाकिटांत घालून दोन गावी पाठवा. जळगावच्या पाकिटात डावा तुकडा निघाला, की धुळ्याच्या पाकिटात उजवा आहे हे त्याच क्षणी कळतं. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. आज मला ते चुकीचं वाटतं, कारण या दाखल्यात विषयाचा गाभाच हरवतो.

कुणी पाकीट उघडलं नाही तरी डावा तुकडा डावाच असतो. त्याचं उत्तर आतमध्ये आधीच ठरलेलं आहे. म्हणून वाटेत कुणी पाकीट हळूच उघडून, बघून, पुन्हा चिकटवलं तर आपल्याला पत्ताही लागत नाही. आधीपासून असलेली गोष्ट चोरता येते. प्रकाशकणांची, म्हणजे फोटॉनची, गुंफलेली जोडी मात्र फाडलेल्या नोटेसारखी नसते. मोजमाप होईपर्यंत त्यांची उत्तरं ठरलेलीच नसतात, ना फोटॉनमध्ये, ना आणखी कुठे.

हे ऐकून वर्गात कुणीतरी विचारतंच, "सर, बघितल्याशिवाय तुम्हाला कसं कळलं की आधी उत्तर नव्हतं?" अगदी योग्य प्रश्न आहे. आइन्स्टाइन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९३५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. उत्तर आत असणारच, तुमचा क्वांटम सिद्धांत अपुरा आहे, असं त्यांचं म्हणणं. जवळजवळ तीस वर्षं हा वाद तत्त्वज्ञानाचा समजला गेला. मग १९६४ मध्ये जॉन बेल यांनी दाखवलं की याचा निकाल प्रयोगानं लागू शकतो. त्या कसोटीचं एक सोपं रूप मी वर्गात खेळ म्हणून घेतो.

एक खेळाडू नंदुरबारला, एक भुसावळला. खेळाआधी दोघांनी एकत्र बसून हवं ते ठरवावं, वह्या भरून ठरवावं. एकदा वेगळे झाले की बोलणं बंद. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर 'मिरची' लिहायचं की 'कापूस', हे नाणं उडवून ठरतं. समोरच्याची चिठ्ठी दिसत नाही. प्रत्येकानं फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. दोघांनाही मिरची आली तर उत्तरं वेगळी यायला हवीत. बाकीच्या तिन्ही वेळा सारखी यायला हवीत. तसं झालं तर डाव जिंकला.

दोघांनी कायम 'हो' म्हटलं तर चारपैकी तीन वेळा जिंकतात, म्हणजे ७५ टक्के. याहून चांगली युक्ती आहे का? कागद घेऊन बघा. उत्तरं आधी ठरलेली असतील तर नंदुरबारकराकडे मिरचीचं एक आणि कापसाचं एक अशी दोन उत्तरं तयार असणार, भुसावळकराकडेही तशीच दोन. कापूस-कापूस सारखं हवं, म्हणून दोघांचं कापसाचं उत्तर एकच. मिरची-कापूस आणि कापूस-मिरची सारखं हवं, म्हणून दोघांची मिरचीची उत्तरंही तीच. म्हणजे चारही उत्तरं सारखी झाली. मग मिरची-मिरचीला वेगळी येणार कुठून? एक अट मोडणारच. कितीही हुशारी करा, कितीही वह्या भरा, सरासरी ७५ च्या वर जात नाही.

गुंफलेले फोटॉन हाच खेळ ८५ टक्क्यांच्या थोडं वर जिंकतात. चिठ्ठीप्रमाणे कोणत्या दिशेनं मोजायचं ते ठरवायचं, मोजायचं, मिळेल ते उत्तर द्यायचं. एवढंच. फ्रान्समध्ये आलँ आस्पे यांनी १९८२ मध्ये याच तत्त्वाची चाचणी घेतली. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्ट शहरात १.३ किलोमीटर अंतरावर, शंकेच्या मोठ्या पळवाटा एकाच वेळी बंद करून, इलेक्ट्रॉनच्या गुंफलेल्या जोड्यांवर कसोटी घेतली गेली. निकाल तोच. आस्पे, जॉन क्लाउजर आणि अँटन झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच मालिकेतल्या कामासाठी.

या कसोटीचा पहारा म्हणून उपयोग होईल, हे आर्टुर एकर्ट यांनी १९९१ मध्ये ओळखलं. मला हा गेल्या शतकातला एक फार सुंदर विचार वाटतो. चोरानं वाटेत फोटॉन मोजला तर त्याच्या वहीत उत्तर लिहिलं गेलं. लिहिलं गेलं म्हणजे ते आधी ठरलेलं झालं. आणि आधी ठरलेली उत्तरं ७५ च्या वर जात नाहीत, हे आपण आत्ताच कागदावर पाहिलं. म्हणून दोन्ही टोकांनी आपले काही डाव उघड करून गुण मोजायचे. ८५ च्या आसपास आले तर कुणी पाहिलेलं नाही. गुण घसरले तर त्या सगळ्या जोड्या फेकून द्यायच्या. त्यांच्यावर अजून एकही निरोप पाठवलेला नसतो, त्यामुळे नुकसान शून्य.

याच तर्काची आणखी एक बाजू आहे. जोड्या बनवणारं यंत्र चोरानंच बनवलं असेल तर? तरी चालतं. त्यानं ठरलेली उत्तरं भरून पाठवली तर गुण पडतीलच. २०२२ मध्ये ऑक्सफर्डला दोन बंदिस्त आयनांच्या गुंफणीतून, यंत्राच्या आतल्या रचनेवर विश्वास न ठेवता, केवळ अशा गुणांच्या भरवशावर किल्ली तयार करून दाखवली गेली. वेग फार कमी होता, पण तत्त्व खरं ठरलं.

प्रत्यक्ष मांडणी अशी असते. लेझरचा किरण एका खास स्फटिकात सोडतात. क्वचित एखादा फोटॉन आत दुभंगतो आणि कमी ऊर्जेचे दोन जुळे बाहेर पडतात. एक जळगावला, एक धुळ्याला. दोन्हीकडे पोलरॉइड चष्म्याच्या काचेसारखी व्यवस्था असते, तिची दिशा प्रत्येकजण आपल्या मनानं, दरवेळी वेगळी ठेवतो. फोटॉन पार झाला तर १, नाही झाला तर ०. हजारो जोड्या मोजून झाल्यावर दोघं साध्या फोनवर एकमेकांना फक्त दिशा सांगतात, उत्तरं सांगत नाहीत. दिशा सारखी होती तिथली उत्तरं दोघांकडे जुळतात, ती झाली किल्ली. ठरावीक वेगळ्या दिशांच्या वेळची उत्तरं उघड करून वरचा खेळ तपासतात. थोड्याफार चुका यंत्रांमुळे होतातच, त्या गणितानं निस्तरतात.

गुंफण न वापरताही एकेका फोटॉनवर अशी किल्ली बनवता येते. ती पद्धत जुनी आहे. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ती १९८४ मध्ये बंगळुरूच्या एका परिषदेत मांडली होती. आपल्या देशात हे घडलं, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो व्हॉट्सॲपवर फार फिरतो. गुंफणीतून निरोप प्रकाशापेक्षा वेगानं जात नाही. खरं तर निरोप गुंफणीतून जातच नाही. धुळ्याला बसलेल्या माणसाला आपली उत्तरं नाणं उडवल्यासारखीच दिसतात, त्यांत जळगावची काहीही बातमी नसते. दोन याद्या शेजारी ठेवल्यावरच मेळ दिसतो आणि याद्या साध्या फोननंच पोचतात. केळीचा भाव नेहमीच्या इंटरनेटवरून जातो. गुंफण पुरवते ती किल्ली.

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा शांतपणे ऐकून त्यांनी अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "मझार तिसराना हात उना ते?" रुमालाखाली तिसऱ्याचाच हात आला तर? मी चमकलो, कारण या विषयावरचा सगळ्यात नेमका आक्षेप हाच आहे. समजा धुळ्याच्या नावानं भलताच माणूस बसला आहे. तो तुमच्याशी नीट खेळेल, पूर्ण गुण मिळवून देईल, आणि किल्ली बनेल ती त्याच्याबरोबर. गुंफण जागल्याचं काम करते, पण समोरचा कोण हे तिला ओळखता येत नाही. त्यासाठी दोघांकडे आधीच थोडी ओळखीची खूण असावी लागते, एखादी छोटी गुप्त किल्ली. तिच्यावर ओळख पटवून मग नवी मोठी किल्ली वाढवायची. बाजारातही चेहरा ओळखल्याशिवाय कुणी रुमाल टाकत नाही.

दुसरी मोठी अडचण अंतराची. उत्तम काचेच्या फायबरमधूनही साधारण पंधरा किलोमीटरला निम्मे फोटॉन वाया जातात. जळगाव ते भुसावळ पंचवीस किलोमीटर, तिथे तिसरा हिस्सा तरी पोचतो. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर, तिथे शंभरातला दीड. रेल्वेच्या कडेनं मुंबईपर्यंत चारशे किलोमीटर फायबर धरली, तर दहा कोटींतला एक. सेकंदाला एक कोटी फोटॉन सोडले तरी दहा सेकंदांत एक पोचला तर पोचला. साध्या इंटरनेटला हा प्रश्न येत नाही, कारण वाटेत ठिकठिकाणी प्रकाशाचा जोर वाढवणारी यंत्रं असतात. इथे ती बसवता येत नाहीत. जोर वाढवायचा म्हणजे नक्कल करायची, आणि अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल निसर्गच करू देत नाही. हे १९८२ मध्ये सिद्ध झालं आहे. चोराला नक्कल करता येत नाही म्हणून आपण सुरक्षित, आणि त्याच नियमामुळे आपलीही वाट अडलेली.

चीननं बीजिंग ते शांघाय दोन हजारांहून जास्त किलोमीटरची लाइन २०१७ मध्ये सुरू केली, पण ती टप्प्याटप्प्याची आहे. प्रत्येक मधल्या ठाण्यावर किल्ली उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा झाकली जाते. म्हणजे प्रत्येक ठाण्यावरच्या माणसावर विश्वास ठेवणं आलं. गुंफणीचा मोठेपणा इथे दिसतो. जळगाव आणि मनमाड जोडायचे आहेत, मध्ये चाळीसगाव. एक जोडी जळगाव-चाळीसगाव, दुसरी चाळीसगाव-मनमाड. चाळीसगावकडे दोन फोटॉन आले, प्रत्येक जोडीतला एक. तो त्या दोघांचं एकत्र मोजमाप करतो आणि निकाल फोनवर कळवतो. तेवढ्यानं जळगावचा आणि मनमाडचा फोटॉन एकमेकांशी गुंफले जातात, जे आयुष्यात कधी भेटलेलेही नाहीत. चाळीसगावला त्यांच्या उत्तरांतलं काही कळत नाही. सोयरीक जुळवून दिली, पुढचं बोलणं त्या दोघांचं. १९९८ मध्ये हे प्रयोगात झालं आहे.

मग अजून अशी लाइन का नाही? कारण दोन्ही जोड्या एकाच वेळी हाताशी असाव्या लागतात. जळगावची आली आणि मनमाडची वाटेत हरवली, तर पहिली धरून ठेवायला हवी. फोटॉन थांबत नाही. त्याची स्थिती न बघता एखाद्या अणूत किंवा हिऱ्यातल्या सूक्ष्म दोषात उतरवून जपावी लागते. याला क्वांटम मेमरी म्हणतात. ती पुरेशी टिकाऊ आणि भरवशाची बनवणं हे आजचं सगळ्यात अवघड काम आहे.

दुसरी वाट आकाशातून जाते. हवेचा दाट थर काही किलोमीटरचाच, त्यापलीकडे फोटॉन अडवायला जवळजवळ काही नाही. चीनच्या मिशियस उपग्रहानं वरून जोड्या सोडून जमिनीवर ११२० किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी किल्ली बनवून दाखवली, ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. वेग होता सेकंदाला एका बिटपेक्षाही, म्हणजे किल्लीतल्या एका ० किंवा १ पेक्षाही, कमी. पण उपग्रह फक्त जोड्या वाटत होता. वाटणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, हे आपण वर पाहिलंच.

भारतात २०२१ मध्ये इस्रोनं अहमदाबादला ३०० मीटर मोकळ्या हवेतून क्वांटम किल्लीनं संपर्क साधला. २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल शंभरहून जास्त किलोमीटर, आधीपासून टाकलेल्या फायबरवर हे केलं. गुंफणीवरचा एक प्रयोग जून २०२५ मध्ये आयआयटी दिल्लीच्या आवारात झाला. मोकळ्या हवेतून एक किलोमीटरहून जास्त अंतर, सेकंदाला सुमारे २४० बिट, चुका सात टक्क्यांच्या आत. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. उपग्रहाच्या मदतीनं देशात दोन हजार किलोमीटरपर्यंत क्वांटम संपर्क आणि क्वांटम मेमरी असलेलं नेटवर्क ही त्याची उद्दिष्टं आहेत, मुदत २०३०-३१ पर्यंत.

कच्चे दुवेही सांगायलाच हवेत. सिद्धांत पक्का असला तरी यंत्र माणसानं बनवलेलं असतं. २०१० मध्ये संशोधकांनी बाजारातल्या क्वांटम किल्लीच्या यंत्रांचे डिटेक्टर, म्हणजे फोटॉन टिपणारे भाग, प्रखर प्रकाशानं दिपवून ताब्यात घेता येतात आणि किल्ली नकळत चोरता येईल, हे दाखवलं होतं. आणि कुणी फायबरच तोडली तर? रस्त्याच्या कामात जेसीबीच्या दाताखाली केबल जाणं आपल्याकडे नेहमीचं आहे. अशा वेळी गुपित फुटत नाही, पण नवी किल्लीही बनत नाही.

म्हणून तुमच्या-माझ्या मोबाइलसाठी जग वेगळी तयारी करतं आहे. क्वांटम संगणकालाही अवघड जातील अशी नवी गणितं अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली. ती साध्या अपडेटमधून येतील, नवी फायबर किंवा नवं यंत्र लागणार नाही. माझ्या मते सामान्य वापराला तीच बरी. गुंफणीचा खर्च तिथे करावा, जिथलं गुपित वीस-तीस वर्षं टिकायला हवं: संरक्षण, वीज-वाहिन्यांचं नियंत्रण, मोठ्या बँकांची आपसातली देवाणघेवाण. वरणगावच्या कारखान्यातली वायर बदलेल, पण आपल्या दुकानातली त्यानंतर बऱ्याच काळानं.

नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट आणि हेग या शहरांतल्या दोन क्वांटम संगणकांच्या कणांची गुंफण जमिनीखालच्या नेहमीच्या फायबरमधून जुळवली गेली, ते काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. फायबरची लांबी पंचवीस किलोमीटर, म्हणजे जळगाव ते भुसावळ. चाळीसगाव अजून पुढे आहे.